निर्वात परिषद आणि सुरेखासाठी आलेलं स्थळ

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी,

सखारामचा वाकून नमस्कार. (माझे गुडघे अजून धड आहेत, त्यामुळं खरोखरच वाकून. गुडघ्यांचा विषय पुढं येणारच आहे.) आम्ही इकडं सगळे खुशाल. आपला खोकला, आपली म्हैस, मार्केट यार्डातला कांदा आणि वच्छलाताईचा स्वभाव, चारही गोष्टी आवाक्यात असतील अशी आशा करतो.

मागच्या बुधवारी आपण फोन करून विचारलंत की, सुरेखासाठी अजिंठ्याच्या रामकिसनचं स्थळ आलंय, मुलगा तुझ्याच कॉलेजात, तुझ्याच प्रयोगशाळेत आहे, कसा आहे ते खरं खरं कळव, तुझ्या शब्दावर होकार नाही तर नकार देतो. दाजी, माझ्या शब्दावर! ते ऐकून माझी छाती दोन इंच फुगली. (माऊलीदादा थोरला भाऊ असून आपण त्याला विचारलं नाही, मला विचारलं, हे मी डायरीत तारखेसह लिहून ठेवलंय. आजवर घरात काही विचारायचं असलं की दादाला विचारायचे आणि खुर्च्या आणायच्या असल्या की मला बोलवायचे.) फोनवर उत्तर देता आलं नाही, कारण आपला फोन ताई स्पीकरवर टाकते आणि मधून मधून हुंकार भरते. म्हणून पत्र. त्यात दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, आमच्या कॉलेजात ती परिषद झाली. ताई आणि सुरेखा तिथं हजर होत्या, म्हणजे त्यांची बाजू आपण चवीनं ऐकली असणार. आता माझी ऐका.

रामकिसन मुलगा वाईट नाही, असं मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. वय एकोणतीस, नोकरी पक्की, व्यसन नाही, चहासुद्धा अर्धाच कप घेतो. (अर्धा कप चहा घेणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. उरलेला अर्धा कुणासाठी ठेवतो?) सहा वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला पाना कुठल्या हातात धरायचा हेही माहीत नव्हतं. आमच्याकडं एक जुना काळा पंप आहे. तो भांड्यातली हवा ओढून काढतो, एवढंच त्याचं काम, आणि हवा काढल्यावर आत जे उरतं, म्हणजे काहीच उरत नाही, त्याला निर्वात म्हणतात. बत्तीस वर्षं हा पंप मी सांभाळलाय. आधी तो गुरगुर करतो, मग आवाज बदलून टकटक करायला लागतो, की समजायचं, हवा गेली. हे मी रामकिसनला शिकवलं. पंप बंद करायच्या आधी कॉक उघडून हवा आत सोडायची, नाहीतर पंपातलं तेल उलटं भांड्यात चढतं, हेही मीच शिकवलं. आणि आता काय, तर प्राचार्य त्याला 'रामकिसन सर' म्हणतात आणि मला 'सखाराम, जरा' म्हणतात. 'सखाराम, जरा खुर्ची', 'सखाराम, जरा दार'. नवीन शिपायाला कित्येक दिवस माझं आडनावच जरा आहे असं वाटत होतं.

खोटं कशाला बोलू दाजी, मी जळतो. सकाळी त्याचा इस्त्रीचा शर्ट दिसला की जळतो, त्याला पंपाचा आवाज माझ्याआधी ओळखू आला की जास्त जळतो. पुढच्या मार्चात मी रिटायर होणार, आणि मग पंप त्याचा. एकदा तरी लाऊडस्पीकरवरून माझं नाव पुकारलं जावं, आणि त्यापुढं 'जरा' नसावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून कॉलेजात आंतरराष्ट्रीय निर्वात परिषद घ्यायची ठरली तेव्हा मला वाटलं, आली आपली वेळ. (आंतरराष्ट्रीय अशासाठी की एक पाहुणे बेल्जियमचे आणि एक काठमांडूचे. काठमांडूचे ऐन वेळी आले नाहीत, पण तोवर फलक रंगवून झाला होता.) समित्या नेमल्या. संयोजन समितीत रामकिसन, छातीवर लाल फीत. मी भोजन समितीत, छातीवर काही नाही, हातात कूपनांचा गठ्ठा.

आमच्या विभागप्रमुख गजाला मॅडम. बाई मनानं मोठ्या. माझं तोंड पाहून म्हणाल्या, "सखारामभाऊ, नाराज क्यूं होते? स्मरणिकेत या परिषदांचा इतिहास मराठीत लिहायचाय, तो तुम्ही लिहा." मी लगेच हो म्हणालो आणि पंधरा दिवस तेच वाचत बसलो, आणि दाजी, वाचता वाचता नुसता पेटलो. निर्वाताची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली १९५८च्या जूनमध्ये, बेल्जियममधल्या नामूर गावात. आता हे नामूर काय आहे? गावात नदी आहे आणि वर डोंगरावर किल्ला आहे. बस्स! किल्ला आपल्याकडं नाही? देवगिरी काय कमी आहे? नदी म्हणाल तर खाम आहे. (म्हणजे नाव तरी आहे.) नामूरच्या लोकांनी त्या एका परिषदेत एक संघटनाही काढली, तिची पुढं १९६२ साली जागतिक संघटना झाली, आणि मग दर तीन वर्षांनी परिषद भरवायची असा रिवाज पडला. (मध्ये एकदा चार वर्षं लागली. माणसंच ती, व्हायचंच.) वॉशिंग्टनला झाली, स्टुटगार्टला झाली, मँचेस्टर, बोस्टन, क्योटो, व्हिएन्ना, फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या त्या कान गावातही झाली. हवा नसलेल्या गोष्टीचा अभ्यास करायला हवा खायच्या ठिकाणी जायचं, म्हणजे बघा. सगळ्या यादीवरून मी बोट फिरवलं, आपल्या देशाचं नाव मला काही सापडलं नाही. आणि आणखी एक शोधलं. अध्यक्ष कोण, चिटणीस कोण, सगळी नावं मिळतात. पण नामूरला त्या दिवशी पंपाला तेल कुणी घातलं, खुर्च्या कुणी मांडल्या, पाहुण्यांना स्टेशनवरून कुणी आणलं? कुठं एक अक्षर नाही. मला त्या माणसाची फार आठवण झाली, त्याला मी ओळखत नसूनही. म्हणून मी इतिहासात एकच ओळ आपली घातली: '१९९२, हेग. १९९३, सखाराम प्रयोगशाळेत रुजू. १९९५, योकोहामा.' कुणाला टोचत नव्हती, जागा खात नव्हती. पण मॅडमनी हसून त्यावर तांबडी रेघ मारली आणि कागद टाइप करायला दिला कुणाकडं? रामकिसनकडं. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "काय रे, माझी ती ओळ?" तर म्हणतो कसा, "बघू ना काका." बघू ना! बत्तीस वर्षांच्या नोकरीवर पोरगा म्हणतो बघू ना. त्या दिवसापासून माझं त्याच्याशी बोलणं पान्यापुरतंच.

आता हस्तपत्रिकेचं. मराठी हस्तपत्रिकाही मीच लिहिली. रामकिसनचं म्हणणं, 'व्हॅक्यूम' लिहू, लोकांना कळतं. मी म्हटलं, मातृभाषा मेली का? निर्वात म्हणजे जिथं वात नाही, वात म्हणजे वारा, साधी गोष्ट आहे. तो म्हणाला, "काका, आपल्याकडं वात म्हणजे गुडघा समजतील." मी म्हटलं, तू अजिंठ्याचा, तुला काय कळतं. आणि खाली ठळक अक्षरांत छापलं: 'निर्वात परिषद. वाताचा समूळ नाश कसा करावा? परदेशी तज्ज्ञांचं प्रात्यक्षिक. प्रवेश विनामूल्य. मजकूर: सखाराम.' माझं नाव छापून आलंय हे आपल्या वैजापुरात कळावं म्हणून शंभर प्रती एसटीच्या कंडक्टरकडं दिल्या, ताईला पोचवायला. एवढीच माझी चूक, आणि तीही प्रेमापोटी.

गुरुवारी सकाळी काय झालं ते आपल्या घरातूनच सुरू झालं, त्यामुळं मी थोडक्यात लिहितो. दोन गाड्या भरून बावन्न बायका, पुढं आपली वच्छलाताई, तिच्या हाताला धरून सुरेखा. निम्म्या जणी लंगडत, काही जणींच्या हातात तेलाच्या बाटल्या. आत त्या वेळी उद्घाटन चाललं होतं. उद्घाटक म्हणून आलेल्या गृहस्थांना कुणीतरी कानात सांगितलं होतं की निर्वात म्हणजे पोकळी. ते उभे राहिले आणि सवयीनं म्हणाले, "ही पोकळी कधीही भरून येणार नाही," आणि डोळे मिटून घेतले. मग सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता. बायका दारातून आत आल्या त्या या शांततेत, आणि कोण गेलं असं ताईनं मला खुणेनं विचारलं. मी फलकाकडं बोट दाखवलं.

बेल्जियमचे पाहुणे लांबेर साहेब. (आडनाव लांबेर, उंची माझ्या खांद्याएवढी.) पहिल्या रांगेत वैजापूरच्या दगडाबाईंनी खुर्चीवर पाय ठेवला, लुगडं सावरून गुडघा उघडा केला आणि म्हणाल्या, "डाक्टर, ह्यो बघा. लई ठणकतोय." साहेबांना वाटलं असणार, इथली पाहुण्याचं स्वागत करायची ही रीत आहे. त्यांनी गुडघ्याला हात जोडून नमस्कार केला. सभागृहात हशा. प्राचार्य माझ्याकडं बघताहेत, हातात माझीच पत्रिका. मी कूपनं मोजायला लागलो. अशा वेळी रामकिसननं काय करावं? गप्प बसावं. पण नाही. उठला, माईक घेतला आणि म्हणाला, "मावशी, वाताचं औषध इथं नाय. पण हवेचा जोर किती असतो ते आज तुम्हीच ओढून बघा. जेवण करूनच जायचं." बायका खूष. साहेबांना त्यानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं, साहेब टाळ्या वाजवायला लागले. त्याच्याच म्हणण्याप्रमाणं साहेब म्हणाले की, एवढ्या बायका त्यांनी आजवर एकाही निर्वात परिषदेला पाहिल्या नाहीत. (आता साहेब खरंच तसं म्हणाले का, हे मला कसं कळणार? भाषांतर करणारा हाच.) माझी चूक त्यानं निस्तरली आणि टाळ्या त्याला, हे मला जास्त लागलं.

प्रात्यक्षिक असं की, लोखंडाच्या दोन अर्ध्या वाट्या, फूटभर रुंद, एकमेकींना जोडायच्या, आतली हवा काढायची, मग बाहेरची हवाच त्यांना अशी दाबून धरते की ओढून सुटत नाहीत. जर्मनीत कुणी पूर्वी घोडे लावून हे दाखवलं होतं. रामकिसननं या वाट्या वाळूजच्या एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी उभं राहून करून घेतल्या. (ताई म्हणाली, "ह्या तर जिलेबीच्या कढया.") त्याबद्दल शेवटी त्याला शाल-श्रीफळ देणार होते. पंप मी सुरू केला, गुरगुर झाली, टकटक झाली. मग मला वाट्यांपाशी कॉकवर नजर ठेवायला उभं केलं आणि माईक घेऊन बोलायला तो. दोन्हीकडं दोर, इकडं दहा बायका, तिकडं दहा बायका. ताई इकडच्या दोराला पहिली. ओढा म्हटल्यावर त्यांनी जे ओढलं ते मी सांगू शकत नाही. वाट्या हलल्या नाहीत. मागच्या बायका "ओढ गं द्वारका!" म्हणून ओरडताहेत, पोरं बाकांवर चढलीत, प्राचार्य टाळ्या वाजवताहेत, आणि लाऊडस्पीकरवर एकच नाव, रामकिसन, रामकिसन. एवढ्यात फुस्स झालं आणि वाट्या सुटल्या. दहा बायका इकडं, दहा तिकडं, सगळ्या पाठीवर. दगडाबाई थेट लांबेर साहेबांच्या मांडीत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे देवाचे उपकार. उलट ताई उठून उभी राहिली, दोन पावलं चालली आणि ओरडली, "सख्या, माझा गुडघा मोकळा झाला!" झालं! उरलेल्या बत्तीस जणींनी दोराला रांग लावली. पुढची परिषद कधी, असं दगडाबाईंनी विचारलं. साहेबांनी तीन बोटं दाखवली. तीन वर्षांनी हे कळल्यावर बायकांनी जो गलका केला तो अजून माझ्या कानात आहे.

प्राचार्यांनी रागानं विचारलं, वाट्या कशा सुटल्या? मी काही बोलायच्या आत रामकिसन पुढं झाला आणि म्हणाला, "सर, वॉशर माझ्याकडून नीट बसला नव्हता." बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. पाहुण्यांसमोर! मग त्याची शाल कुणाला द्यायची असा प्रश्न पडला, तर प्राचार्य म्हणाले, सखाराम, जरा इकडं या, तुम्ही ज्येष्ठ आहात. आणि ती माझ्या खांद्यावर टाकली. (पुन्हा जरा! पण शाल चांगली आहे.) सगळं आवरताना सुरेखा माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, कॉक बंद करा, हवा शिरतीये." पंप तर केव्हाच बंद झाला होता. तहसील कचेरीत काम करणाऱ्या पोरीला यातलं काय कळावं, पण तिचा स्वभाव काळजीचा, म्हणून लिहिलं.

तात्पर्य, दाजी, ज्याला एक वॉशर धड बसवता येत नाही, वडीलधाऱ्यांना जो 'बघू ना' म्हणतो, ज्यानं एका गरीब माणसाची इतिहासातली एकुलती एक ओळ उडवली आणि जो चहा अर्धा टाकतो, त्याच्या घरी आपली सुरेखा द्यावी असं माझं मन घेत नाही. नकार कळवावा. शब्द माझा, निर्णय आपला. ताईला नमस्कार, सुरेखाला आशीर्वाद, म्हशीला एक थाप.

आपला आज्ञाधारक मेव्हणा,
सखाराम

ता. क. – इतिहास आपण वाचावा म्हणून स्मरणिका सोबत पाठवतोय. रागानं मी ती अजून उघडली नव्हती, आत्ता पाकिटात घालताना चाळली. पान चौदा. '१९९२, हेग. १९९३, सखाराम प्रयोगशाळेत रुजू. पंप अद्याप चालू. १९९५, योकोहामा.' दाजी, तांबडी रेघ मारलेली ओळ आपोआप छापून येत नाही. गजाला मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "रामकिसन हठ करके बैठा था, हे काढायचं नाही म्हणून." 'पंप अद्याप चालू' हे त्याचे शब्द. मला ते सुचले नव्हते, याचाही मला राग आलाय.

दुसरा ता. क. – वॉशर व्यवस्थित बसला होता. मीच तपासला होता. कॉक मी उघडला. सवयीनं हात गेला असं मी मनाला तीन दिवस सांगतोय, पण पंप बंद करायची वेळ झाली नव्हती, त्याचं नाव सारखं पुकारत होते एवढंच झालं होतं. रामकिसन समोर उभा होता, त्यानं माझा हात पाहिला, मग वॉशरकडं पाहिलं आणि प्राचार्यांना ते सांगितलं. सुरेखा पहिल्या रांगेत होती, तिनंही पाहिलं. ती काय म्हणाली ते वर लिहिलंच आहे, फक्त मला ते आत्ता कळलं. मला माझी फार लाज वाटतेय, दाजी. तेव्हा वरचं तात्पर्य रद्द समजावं आणि होकार कळवावा. पत्र नव्यानं लिहिलं असतं, पण चहाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे.

तिसरा ता. क. – शाल वेगळ्या पुडक्यात पाठवतोय. टिळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावर टाका. कुणी दिली हे सांगू नका, तो ओळखेल. हे पत्र मात्र ताईच्या हाती लागू देऊ नका, नाहीतर तिचा गुडघा पुन्हा धरेल.

चौथा ता. क. – आता मुख्य विनंती. लग्नात भटजी माईकवरून पुकारतात ना, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, त्या वेळी माऊलीदादाला पुढं करू नका. तो थोरला आहे, त्याचा मान आहे, सगळं मान्य, पण त्याला आयुष्यभर पुकारलंय. सुरेखाला मांडवात मी आणीन. भटजींना आधीच सांगून ठेवा, नुसतं 'मुलीचे मामा' नको, नाव घेऊन म्हणा, 'सखाराम मामा, मुलीला घेऊन या.' त्यात जरा घालू नका म्हणावं. रामकिसन लाऊडस्पीकरवर किती का वाजेना, हे त्याला कधी म्हणणार नाहीत.